जुनी सुतारी हत्यारे: पारखून आणि स्वस्तात कशी घ्यावीत

नव्याने सुतारकाम शिकणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हत्यारांचा येतो. उत्तम प्रतीचा नवा रंधा महाग असतो, आणि स्वस्तातला नवा रंधा बहुतेक वेळा खोक्यातून काढल्याबरोबर नीट चालत नाही, कारण त्याचा तळ सपाट नसतो, पाते मऊ असते आणि फिरणारे भाग सैल बसतात. शिकणाऱ्याला मात्र दोष हत्याराचा आहे की आपल्या हाताचा, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी जुन्या हत्यारांचा विचार जरूर करावा. विजेवर चालणारी यंत्रे सर्रास वापरात येण्याआधी, म्हणजे साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, हातहत्यारे ही त्यांवरच पोट असलेल्या कारागिरांसाठी बनत होती, आणि वाईट पटाशी करणाऱ्याकडे असा कारागीर पुन्हा फिरकत नसे. त्या काळातली असंख्य हत्यारे आजही अडगळीत पडून आहेत. ती स्वस्त मिळण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की ती घाणेरडी दिसतात.

जुने हत्यार हातात घेतल्यावर एकच भेद सतत डोळ्यांपुढे ठेवावा: या हत्यारावर काही चढले आहे, की या हत्यारातून काही गेले आहे? वरवरचा गंज, मळ, वाळून घट्ट झालेले तेल, कोणीतरी फासलेला रंग हे सारे चढलेले असते आणि ते काढता येते. बिडाला गेलेला तडा, धारेजवळ पडलेले खोल खड्डे, झिजून संपत आलेले पाते, हरवलेला खास आट्यांचा स्क्रू हे गेलेले असते, आणि ते परत आणणे एक तर अशक्य असते किंवा हत्याराच्या किमतीपेक्षा महाग पडते. विकणारा बहुधा दिसण्यावरून भाव सांगतो. घेणाऱ्याने तो या भेदावरून जोखावा, कारण स्वस्तातली खरेदी या दोन नजरांमधल्या तफावतीतूनच साधते.

आधी यादी, मग शोध

बाजारात जाण्यापूर्वी कागदावर यादी करावी आणि ती लहान ठेवावी. सुरुवातीसाठी साधारण १४ इंच लांबीचा एक जॅक रंधा, पाव, अर्धा आणि एक इंच रुंदीच्या तीन पटाश्या, आडव्या कापणीची एक करवत, सांध्यांसाठी पाठीवर धातूची पट्टी असलेली एक लहान करवत, एक गुण्या, रेघ आखण्याचा एक गेज आणि भोके पाडण्यासाठी हाताने फिरवायचा ब्रेस इतके पुरते. जॅक रंधा आधी घ्यावा असे मी मुद्दाम सांगतो. तो खडबडीत फळी उतरवतो, मध्यम लांबीची कड सरळ करतो आणि पाते बारीक लावले तर सफाईचे कामही बऱ्यापैकी भागवतो. धार लावण्याचा दगड मात्र नवीनच घ्यावा, कारण जुना दगड मध्ये खोलगट झालेला आणि तेल पिऊन बसलेला असतो, आणि धार लावणेच अजून शिकायचे असताना दगड दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेण्यात अर्थ नसतो.

यादी नसेल तर नवखा माणूस हमखास दोन गोष्टी घेऊन परततो. एक म्हणजे एकाच आकाराचे तीन-चार रंधे, आणि दुसरी म्हणजे अनेक पात्यांचा, खाचा व नक्षीच्या कडा काढणारा एखादा गुंतागुंतीचा जोडरंधा, ज्याची अर्धी पाती हरवलेली असतात. असला जोडरंधा पाहायला देखणा असतो, पण तो जुळवण्यातच पहिले वर्ष निघून जाते.

कुठे शोधावे

सर्वांत चांगली हत्यारे वापरणाऱ्याच्या घरी मिळतात. काम थांबवलेला सुतार, किंवा दिवंगत सुताराचे घर मोकळे करणारे कुटुंब यांच्याकडची हत्यारे शेवटपर्यंत धारेवर ठेवलेली असतात, आणि पेटीत एकमेकांना जुळणारे भाग एकत्र सापडतात. इथे भाव पाडण्याची घाई करू नये. आपल्याला हत्यारे वापरायची आहेत, पुढे विकायची नाहीत, हे सांगितले की पुष्कळ घरांतून मागितले नसतानाही आणखी काही वस्तू पुढे येतात. घरच्यांना मूल्य माहीत नसलेली दुर्मिळ वस्तू हाती लागली, तर तेही सांगणे मला योग्य वाटते.

त्याखालोखाल लिलाव येतात. लिलावात हत्यारे अनेकदा पेटीच्या पेटीने एकत्र विकली जातात, आणि पेटीतल्या दोन उपयोगी वस्तूंचा भाव मनाशी धरून बाकीचे फुकट समजावे, म्हणजे बोली भलतीकडे जात नाही. जुन्या सामानाच्या बाजारात सकाळी लवकर गेल्यास निवड मिळते आणि शेवटी गेल्यास भाव मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाही. भंगारवाल्याकडे माल वजनावर जातो, म्हणून तिथे बिडाचा शाबूत रंधा नगण्य किमतीत सापडू शकतो, परंतु तिथल्या रंध्याचे सुटे भाग बहुधा वाटेतच गळालेले असतात. पुरातन वस्तूंच्या दुकानात शोभेसाठी भाव लावलेला असतो, त्यामुळे ते दुकान वापरणाऱ्याने शेवटी ठेवावे.

सोबत एक लहान पोलादी पट्टी, खिशात मावणारी विजेरी, पेचकस, जुने फडके आणि खात्रीचा एक छोटा गुण्या असावा. पट्टीने सपाटी कळते, विजेरीने तडे दिसतात, आणि पेचकसाने रंधा उघडून पाहता येतो. उघडू न देणाऱ्याकडून रंधा घेऊ नये.

रंधा

बिडाच्या रंध्यांत सर्वाधिक आढळणारी रचना लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराची आहे. त्याची पेटंटे स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतली, आणि पुढे हीच रचना अनेक देशांतल्या कारखान्यांनी उचलली. आकार क्रमांकाने ओळखतात: ४ क्रमांकाचा रंधा सुमारे ९ इंच लांब, ५ क्रमांकाचा १४ इंच आणि ७ क्रमांकाचा २२ इंच असतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीने १९३१ पासून असेच रंधे काढले आणि क्रमांकाआधी शून्य जोडले, म्हणून ०५ दिसला तर तो ५ च्याच मापाचा समजावा. स्टॅन्लेच्या काही रंध्यांवर पात्याच्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. तिथे १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक अशा तीन तारखा असतील, तर रंधा १९१० नंतरच्या दशकातला धरता येतो आणि तो वापरायला फार चांगला असतो. मात्र नावावर भाळू नये. अनामिक पण शाबूत रंधा हा नामांकित पण तडा गेलेल्या रंध्यापेक्षा केव्हाही सरस असतो.

तपासणी तळापासून सुरू करावी. तळावरची फट, म्हणजे रंध्याचे तोंड, ही तड्यांची आवडती जागा आहे. तिथून तडा बाजूच्या भिंतीत चढतो. विजेरी आडवी धरून तोंडाचे दोन्ही कोपरे आतून आणि बाहेरून पाहावेत. मळाखाली तडा लपतो, म्हणून तेवढा भाग फडक्याने पुसून घ्यावा. पाते आणि सुटे भाग काढल्यावर नुसत्या बिडाच्या अंगाला पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी द्यावी. शाबूत बीड खणखणते आणि तडा असल्यास आवाज बद्द येतो. झाळलेला, म्हणजे वेल्डिंगने जोडलेला रंधा नवख्याने घेऊ नये, कारण झाळताना अंग पिळवटून तळ बिघडलेला असण्याचा संभव असतो.

मग तळावर पट्टी ठेवून उजेडासमोर धरावे. तळ सर्वत्र आरशासारखा सपाट असण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाची लगतची पुढची कड आणि मागचे टोक या तीन जागा एका पातळीत असल्या की रंधा काम करतो. तोंडापुढची जागा खोल गेलेली असेल, तर तळ घासून तेवढा खाली आणण्यास बराच वेळ लागतो, आणि लांब रंध्यात तर तो फारच लागतो.

त्यानंतर रंधा उघडावा. पात्याची लांब खाच जिथे संपते, तिथपासून धारेपर्यंत बोटभर तरी पोलाद उरलेले हवे. पात्यावर बसणाऱ्या दाबपट्टीची कड पात्याला पूर्ण टेकते का ते पाहावे. थोडी फट असल्यास ती कड घासून दुरुस्त होते. वरच्या दाबाच्या टोपीचे खालचे कोपरे अनेकदा फुटलेले असतात. किंचित उडालेला कोपरा चालतो, पण टोपी पात्याला एकसारखी दाबत नसेल तर ती बदलावी लागते. पाते पुढेमागे करणारे पितळी चाक शेवटपर्यंत फिरवून पाहावे आणि एकूण एक स्क्रू जागेवर आहेत का ते मोजावे. स्टॅन्लेच्या रंध्यांतले अनेक स्क्रू ९/३२ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे अशा मापाचे असतात, जे साध्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून ‘एक स्क्रूच तर नाही’ या बोलण्यावर जाऊ नये. उलट तुटलेली लाकडी मूठ ही भाव उतरवण्यास उत्तम सबब आहे, कारण ती डिंकाने जोडता येते किंवा नवी करता येते, आणि ते करणे स्वतःच एक चांगला धडा असतो.

लाकडी अंगाचे रंधे आज फारसे कोणी विचारत नाही, आणि म्हणून तेच खरे स्वस्त असतात. त्यांत बाजूच्या भिंतींना भेगा, पिळलेले अंग, किडीची भोके आणि फार रुंदावलेले तोंड हे चार दोष पाहावेत. पाचर हरवलेली असली तर ती नवी करता येते. या रंध्यांची जाड, निमुळती पाती बहुधा मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा थर जोडून केलेली असतात आणि तो थर फक्त खालच्या भागात असतो. पाते तिथपर्यंत झिजले असेल तर ते संपले असे समजावे.

करवत

करवतीत पहिला प्रश्न दात नव्याने काढता येतील का, हा असतो. अलीकडच्या अनेक स्वस्त करवतींचे दात विजेच्या झटक्याने क्षणात तापवून अतिकठीण केलेले असतात, आणि त्यांची टोके निळसर काळी दिसतात. त्यांच्यावर कानस नुसती घसरते. अशी करवत बोथट झाली की तिचे आयुष्य संपले, म्हणून जुन्या बाजारात ती कोणत्याही भावाने घेऊ नये.

जुन्या करवतीचे पाते डोळ्यांसमोर आडवे धरून दातांच्या ओळीवरून नजर टाकावी. पूर्ण लांबीवर पसरलेला सौम्य बाक बहुधा उलट दिशेने वाकवून जातो. एकाच जागी बसलेली तीव्र मुरड मात्र सरळ करणे हे कसबी माणसाचे काम आहे. पात्याचे टोक वाकवून सोडल्यास ते पुन्हा सरळ झाले पाहिजे. गंज पात्याच्या मध्यभागी असला तर फार बिघडत नाही. दातांच्या ओळीलगत खोल खड्डे असतील तर दातांना फाक देताना, म्हणजे ते आलटून-पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवताना, ते मोडतात. दातांची धार गेलेली असणे हा दोषच मानू नये, कारण जुनी करवत धार लावूनच वापरायची असते, आणि एखाददुसरा तुटलेला दात कामात अडथळा आणत नाही. सलग तीन-चार दात नसतील तर सगळी ओळ घासून नव्याने दात पाडावे लागतात.

उभ्या चिराईच्या करवतीचे दात सरळ, पटाशीच्या टोकासारखे असतात आणि ते इंचाला साधारण ५ ते ७ असतात. आडव्या कापणीच्या करवतीचे दात तिरके घासून टोकदार केलेले असतात आणि ते इंचाला ८ ते १२ पर्यंत असतात. जुन्या करवतींवर मुठीजवळ हा आकडा ठोकलेला असतो. फिलाडेल्फियात १८४० मध्ये सुरू झालेल्या डिस्टन कारखान्याच्या करवती पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि त्यांची मुठीवरची पितळी मुद्रा पाहून त्यांचा काळ ठरवता येतो. ‘वॉरंटेड सुपीरियर’ अशी मुद्रा मात्र कोणा एका कारखान्याची नाही. ती अनेकांनी आपल्या बिननावाच्या मालावर लावली, त्यामुळे त्या शब्दांना स्वतंत्र किंमत देऊ नये. मूठ हातात घेऊन पाहावी. पंजाला चारही बाजूंनी भिडणारी, कोपरे गोल केलेली लाकडी मूठ दिसली, तर करवत करणाऱ्याने पात्याकडेही तितकेच लक्ष दिले असण्याची शक्यता मोठी असते.

पटाश्या

पटाशीची सपाट पाठ, आणि तिच्यातही धारेकडचा पहिला इंच, एवढीच जागा निर्णायक असते. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, आणि त्यांपैकी एका पृष्ठभागावर खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा धारेपर्यंत पोहोचला की तिथे खाच पडते. म्हणून पाठीवरचा लाल पातळ गंज सोडून द्यावा, पण नखाला लागणारे खड्डे दिसल्यास पटाशी परत ठेवावी.

धारेजवळ निळा रंग दिसला तर कोणीतरी ती यंत्राच्या दगडावर तापवली आहे. पटाशीच्या पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा ठिसूळ करणारा जादा कठीणपणा, पुन्हा तापवून साधारण फिकट पिवळ्या रंगापर्यंत, म्हणजे २०० ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवलेले असते. निळा रंग ३०० अंशांच्या जवळ येतो, आणि तोपर्यंत धार टिकवण्याइतका कठीणपणा गेलेला असतो. निळेपणा टोकालाच असेल तर तेवढा भाग थंड ठेवत घासून टाकता येतो; तो पात्यात वर पसरला असेल तर नाद सोडावा.

जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असे ठोकलेले पाहून त्या ओतीव आणि म्हणून ठिसूळ असाव्यात असा समज होतो. प्रत्यक्षात हे शब्द मुशीत वितळवून शुद्ध केलेल्या पोलादाचे आहेत. ती पद्धत बेंजामिन हंट्समन याने शेफिल्ड परिसरात १७४० च्या दशकात बसवली, आणि त्या पोलादाच्या पटाश्या आजही फार सुरेख धार घेतात. हा शिक्का दिसला की पटाशी अधिक काळजीने पाहावी.

गुळगुळीत, चकाकणाऱ्या पटाश्यांपासून सावध राहावे. विकण्यापूर्वी यंत्राच्या चाकावर घासून चमक आणलेल्या पटाशीच्या पाठीच्या कडा गोल झालेल्या असतात, आणि ती सपाटी परत आणण्यात तासन्‌तास जातात. तिच्यापेक्षा गंजलेली, पण कोणी हात न लावलेली पटाशी पत्करली. मुठीकडे तर पाहूच नये, कारण फुटलेली मूठ बदलता येते.

बाकीची हत्यारे

गुण्या तपासण्यासाठी सरळ कडेच्या फळीला तो लावून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा आहे. त्या फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक आहे. ब्रेसमध्ये वरचा गोल मुठा डगमगता नसावा, रॅचेट, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने पकड घेणारा खटका, दोन्ही दिशांना धरावा आणि चकातले, म्हणजे गिरमिट पकडणाऱ्या तोंडातले, जबडे जोडीचे असावेत. त्याच्या गिरमिटांत टोकाचा बारीक पेच आणि कडेची कापणारी टोके शाबूत हवीत. ती कानशीने संपवलेली असतील तर गिरमिट भोक पाडत नाही, लाकूड फाडते. हातोडे, क्लॅम्प आणि लाकूड घट्ट पकडणारा शेगडा यांत तडा आणि खराब आटे एवढेच पाहावे.

छायाचित्रांवरून घेताना

दूरच्या विक्रेत्याकडून घेताना रंध्याच्या तळाचे, तोंडाच्या जवळून घेतलेले आणि पाते बाहेर काढून ठेवलेले छायाचित्र मागावे. पटाशीच्या पाठीचे आणि करवतीच्या दातांच्या रेषेवरून घेतलेलेही मागावे. नेमके हेच कोन टाळले जात असतील तर त्या भावाला स्वस्त म्हणता येत नाही. वाहतुकीचा खर्च आधीच धरावा, कारण बीड जड असते. पाते आणि टोपी अंगापासून सुटी करून गुंडाळण्यास सांगावे, नाहीतर शाबूत निघालेला रंधा वाटेत तडकतो.

भाव ठरवताना हत्यार कामाला लागेपर्यंत आपले किती तास आणि कोणते सुटे भाग लागतील, ते किमतीत मिळवावे. पाते नवे घ्यावे लागणार असेल, तर त्या रंध्याची किंमत नव्या पात्यापासून मोजायला सुरुवात होते.

घरी आणल्यावर

सुटे करण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. अडकलेल्या स्क्रूवर पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे आणि खाचेत तंतोतंत बसणारा पेचकसच वापरावा. सुट्या पोलादी भागांचा गंज सायट्रिक आम्लाच्या पाण्यात निघतो. १ लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम हे प्रमाण पुरेसे असते. काही तासांनी भाग बाहेर काढून ब्रशने घासावा, गरज वाटल्यास पुन्हा बुडवावा, पण दिवसेंदिवस विसरू नये, कारण गंज संपल्यावर आम्ल पोलाद खाऊ लागते. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून, लगेच कोरडे करून तेल लावावे. दहा मिनिटे ओले राहिले तरी नवा गंज दिसू लागतो. लाकडी मुठी आणि पितळी भाग या पाण्यात टाकू नयेत. हातमोजे घालावेत, आणि जुना रंग खरवडताना तोंडावर चांगला मास्क लावावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. करवतीचे पाते सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने तेल टाकून घासावे. त्यामुळे पात्यावरचे कोरीव चिन्ह पुसले जात नाही.

त्यानंतर धार. पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची पाठ फक्त पहिल्या इंचात सपाट करावी, सगळी नव्हे. मूळ उतार २५ अंशांचा ठेवून टोकाला ३० अंशांची बारीक धार लावावी. रंध्यात दाबपट्टी धारेपासून सुमारे १ मिलिमीटर मागे बसवावी, पाते तळातून दिसेल न दिसेल इतकेच पुढे काढावे, आणि मऊ, सरळ रेषांच्या लाकडाच्या कडेवर चालवून पाहावे. कीस एका बाजूलाच निघत असेल तर पात्यामागची आडवी कळ किंचित सरकवावी. तोंडात कीस अडकू लागला, तर दाबपट्टी पात्याला पूर्ण टेकते का, हे पुन्हा एकदा उजेडासमोर धरून पाहावे. जुन्या रंध्यांत दहापैकी बहुतेक वेळा अडचण तिथेच निघते.